टर्बो बदलायचा, इंजिन उतरवायचं की गाडी विकायची?

तुमच्या पत्रातली अडचण थोडक्यात अशी. गाडी 13 वर्षांची, पेट्रोल टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली), 1 लाख 70 हजार किलोमीटर झालेली. दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल वरून घालावं लागतं. सिग्नलला जरा वेळ थांबून निघालं की मागून निळा धूर येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते तपासलं तेव्हा चार सिलिंडरचे आकडे आले 150, 145, 95 आणि 148 पीएसआय (दाबाचं एकक). एक गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, दुसरा म्हणतो इंजिन पूर्ण उतरवा. या दुसऱ्याचं एस्टिमेट गाडीच्या आजच्या विक्री किमतीच्या पाऊणपट आहे. ते भागवायला आपत्कालीन निधी मोडावा तर सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद दोन महिन्यांवर येते. घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा कर्ज काढून नवीच घ्या.

माझं मत विचाराल तर आज यातलं काहीच करू नका. तुमच्याकडे दोन एस्टिमेटं आहेत, पण निदान एकही नाही.

आधी तो 95 चा आकडा बघू. सगळ्यात चांगल्या सिलिंडरच्या तुलनेत तो जेमतेम 63 टक्के आहे. 75 टक्क्यांच्या खाली गेलेला सिलिंडर सर्वसाधारणपणे बिघडलेला धरतात. बॅटरी उतरलेली असती किंवा तपासताना थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवला नसता, तर चारही आकडे खाली आले असते. एकटाच तिसरा खाली आहे, म्हणजे दोष त्या सिलिंडरचाच. आणि स्टार्टरवर इंजिन फिरवून घेतलेल्या कॉम्प्रेशनशी टर्बोचा काही संबंध नसतो. त्यामुळे फक्त टर्बो बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पैसे जातील आणि तिसरा सिलिंडर होता तसाच राहील.

पण दुसरा गॅरेजवाला बरोबर आहे असंही यातून ठरत नाही. कॉम्प्रेशन कमी होण्याची कारणं वेगवेगळी आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) जळला असेल तर फक्त हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढून काम होतं. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला असेल तर इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. जळालेल्या व्हॉल्व्हमुळे निळा धूर येत नाही. रिंगांचा धूर बहुधा जोर लावताना, चढावर दिसतो. थांबून निघताना येणारा धूर व्हॉल्व्हच्या सीलकडे किंवा टर्बोकडे बोट दाखवतो. म्हणजे तुमच्या गाडीत दोन स्वतंत्र दोष असू शकतात, आणि दोन्ही गॅरेजवाले अर्धे-अर्धे बरोबर असू शकतात.

टर्बोबद्दल एक गोष्ट पैशाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्यातलं ऑइल परतीच्या नळीतून आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठतो, ऑइलला परतीची वाट मिळत नाही आणि ते टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये किंवा इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) झिरपतं. टर्बो धडधाकट असतो, पण ठपका त्याच्यावर येतो. नवा बसवला तरी काही दिवसांत तोही धूर टाकू लागतो. हाच दाब खराब रिंगांमधून खाली येणाऱ्या वायूमुळेही वाढतो. तसं असेल तर तिसरा सिलिंडर आणि धूर यांचं मूळ एकच निघेल.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ब्रीदर आणि परतीची नळी साफ करून घ्या. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन घ्यायला सांगा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सीलबंद पॅकिंग). शेवटी लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. याच वेळी टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून किती खेळतोय तेही बघता येतं. हा सगळा खर्च एस्टिमेटच्या मानाने किरकोळ आहे, आणि मला विचाराल तर या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा हाच.

आता निर्णय. व्हॉल्व्हचा दोष निघाला आणि हेडचं काम गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशात बसत असेल, तर मी दुरुस्ती करेन. जुनी गाडी घसाऱ्याचा मोठा टप्पा ओलांडून आलेली असते. नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त उतरते आणि वर व्याज चालू राहतं. दुरुस्तीच्या रकमेला 36 ने, म्हणजे तीन वर्षांच्या महिन्यांनी, भागा, येणारा आकडा नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी ठेवा. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या किती टक्के, यापेक्षा ही तुलना जास्त खरं सांगते. मात्र त्याआधी गिअरबॉक्स, पत्रा आणि टायमिंग चेन तीन वर्षं काढतील का, हे त्याच मेकॅनिककडून तपासून घ्या.

रिंगा किंवा बोअर निघाला, तर पाऊणपट रक्कम घालू नका. इंजिन उघडल्यावर एस्टिमेट वाढतं, कमी क्वचितच होतं, आणि विकताना तो खर्च परत मिळत नाही. रिपोर्ट दाखवून, दोष सांगून गाडी आहे तशी विका. किंमत कमी येईल, पण आपत्कालीन निधी शाबूत राहील. मग लागलीच तर लहान, साध्या इंजिनाची, तपासलेली वापरलेली गाडी घ्या. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर तो निधीच उपयोगाला येतो, नवं इंजिन नाही. मागच्या वर्षी क्लचवर केलेला खर्च तुम्ही पत्रात दोनदा लिहिलाय. तो या हिशेबात धरू नका, दोन्ही वाटांवर तो गेलेलाच आहे.

तोवर पेट्रोल भरताना दर वेळी डिपस्टिक बघा आणि गाडीला जोर लावू नका. जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) खराब करतं आणि टर्बो इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढवतं. म्हणजे दिरंगाईचंही बिल येतं, तेव्हा तपासणी याच आठवड्यात करा. तिसऱ्या सिलिंडरची गळती किती टक्के आणि हवा कुठून निसटते, हे गॅरेजकडून लेखी घ्या आणि मला कळवा. कर्जाच्या कागदांवर तोपर्यंत सही करू नका.