जुनी परीकथा आजच्या किंवा पुढच्या काळात नेऊन कशी सांगायची?

माझं मत सरळ आहे, सामान बदला पण सौदा बदलू नका. भोपळ्यातल्या म्हातारीचंच घ्या की. वाघाला ती म्हणते आधी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते मग खा, हा सौदा म्हणजेच गोष्ट, तो काढलात तर उरलं काय, नुसता भोपळा.

मी भाचीला सांगितली तेव्हा साल 2090 धरलं. म्हातारी कणकुंबीची, जिथं मलप्रभा उगम पावते तिथली, लेक बेळगावात शहापूरला, मधे जांबोटीचं जंगल. वाघ मात्र खराच ठेवला, भीमगड अभयारण्य जवळच आहे तर रोबोट वाघ कशाला? येताना लेकीनं आईला बिनड्रायव्हरच्या गोल केशरी गाडीत बसवलं, सोबत कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा डबा. गाडी कन्नडमधे विचारते, "एल्लिगे होगबेकु?" म्हणजे कुठं जायचं? म्हातारी म्हणते, "होगप्पा, टुणूक टुणूक!" म्हणजे चल बाबा. इथं भाची जी हसत सुटली. मग ऐन जंगलात रेंज गेली, गाडी बंद, बाहेर वाघ, आणि आता म्हातारीला स्वतःच्या डोक्यानंच सुटायचंय. इथंच जास्त वेळ घालवा, मशीननं सगळं सोडवलं तर पोरं जांभया देतात.

आणि हो, जुन्यात फेरफार कसा करायचा म्हणून लाजू नका, सिंड्रेलाची भोपळ्याची बग्गी आणि काचेचा बूट पण 1697 च्या फ्रेंच आवृत्तीतून आलेत, तशी गोष्ट त्याच्याही आधीची.

वाघाला शेवटी कुंदा मिळाला, भाचीचा हट्ट.