कुळागर विकू नका

पत्र गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलीने यंदा बारावी सायन्स केलं, नीटला ७२० पैकी ३९८ गुण पडले. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवत नेणारा जनुकीय आजार आहे, हे तो सहा वर्षांचा असताना कळलं. वडिलांचा बेत असा: मुलीने एक वर्ष थांबून नीट पुन्हा द्यावी, एमबीबीएस करावं आणि ‘स्टेम सेलची डॉक्टर’ होऊन भावाला बरं करावं. तोवर हातावर हात ठेवून बसायला नको, म्हणून परराज्यातल्या एका क्लिनिकमध्ये मुलाला स्टेम सेलची इंजेक्शनं द्यायची. चार सिटिंगचे आठ लाख. त्यासाठी कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, ओढ्याकडचा तुकडा विकायला काढलाय. मला विचारलंय एवढंच, की कोचिंग पणजीत लावावं की मुलीला कोटाला पाठवावं?

नमस्कार.

कोचिंगचं राहू द्या. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तिथेच मी अडकले. ‘आम्ही बाळाला रोज सांगतो, ताई डॉक्टर होणार आणि तुला परत पळायला लावणार.’ रोज सांगता, म्हणजे ताईही ते रोज ऐकते. नीटचा निकाल लागला त्या संध्याकाळीही तिने ते ऐकलं असेल, नाहीतर त्या दिवशी तुम्ही ते बोलला नाहीत हे तिच्या लक्षात आलं असेल. दोन्ही सारखंच वाईट. तिच्या वर्गातल्या इतर मुलींची सीट हुकली. हिला वाटलं असणार, आपल्यामुळे भावाचे पाय हुकले.

तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. मुलाच्या आजाराचं नाव कळल्यावर माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि तुमच्या हाताला हुशार मुलगी लागली. पण तुम्ही एका मुलाला वाचवायला दुसरीला जुंपताय, आणि तेही ज्या कामात ती वेळेवर पोचूच शकत नाही अशा कामाला. जरा बोटं मोजा. ती अठरा, तो नऊ. वर्षभर थांबून तिला पहिल्या फटक्यात सीट मिळाली असं धरू. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. एमडी वगळून सरळ पीएचडी धरली तरी आणखी पाच-सहा. ती तिशीला पोचते तेव्हा तो एकविशीत असेल. ड्युशेनमध्ये मुलांचं चालणं साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सुटतं, स्टेरॉइडने ते काही वर्षं पुढे ढकलता येतं. हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मग हा हिशेब तुम्ही आजवर मांडला नाहीत, कारण मांडायचा नव्हता. आणि तेराव्या वर्षी तो पोरगा ताईला विचारेल, ‘अजून किती?’ तेव्हा ती काय सांगणार?

आता क्लिनिक. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण विसार घेण्याआधी हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

तुमच्या मुलाच्या स्नायूंमध्ये डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन बनत नाही. हे प्रथिन स्नायूच्या धाग्याला आतून धरून ठेवतं. ते नसलं की साध्या जिना चढण्यानेही धागे फाटत राहतात. फाटलेलं शिवायला स्नायूंत स्वतःच्या मूलपेशी, म्हणजे विभागून नव्या पेशी बनवणाऱ्या स्टेम सेल, असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली त्या धाग्याच्या कडेला चिकटलेल्या पाहिल्या. तुमच्या मुलातही त्या आहेत आणि त्या कामही करतात. पण त्यांच्याकडेही तोच बिघडलेला जनुक, त्यामुळे नवा धागाही तसाच कच्चा. मग बाहेरून चांगल्या पेशी घातल्या तर? हा प्रश्न तुमच्याआधी शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९९०च्या सुमारास निरोगी माणसाच्या स्नायूपेशी काढून, वाढवून अशा मुलांच्या स्नायूत टोचून पाहिल्या गेल्या. बहुतेक पेशी काही दिवसांत मेल्या, उरलेल्या सुईच्या वाटेलगतच बसून राहिल्या आणि मुलांची ताकद वाढली नाही. अंगात सहाशेच्या वर स्नायू आहेत. हृदय आणि छातीचा पडदाही त्यांतच आला. पाठीच्या कण्यात किंवा शिरेत मूलपेशींची एक सुई टोचून सगळीकडे डिस्ट्रोफिन पोचवता येईल, असं आज कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

आणि नियमही साफ आहे. आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आजारांवर बोन मॅरोतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण हा मान्य उपचार. त्याखेरीज बाकी सगळं प्रयोग, ते रीतसर चाचणीतच करायचं आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे ज्याने आठ लाखांचा आकडा सांगितला, त्याने स्वतःच स्वतःची ओळख करून दिली. भारतातल्या चाचण्यांची सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, ती कोणालाही फुकट बघता येते. त्यांना नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक मिळाला म्हणजे उपचार सिद्ध झाला असं मुळीच नाही, पण बहुतेक ठिकाणी तो मागितला की बोलणंच बदलतं.

सुपारीचं झाड लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो ओढ्याकडचा तुकडा ठेवा. पुढे या पैशाला खरी कामं आहेत: दाराला उतार, न्हाणीत धरायला दांडे, हलकी व्हीलचेअर, नंतर रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र. फिजिओथेरपी सोडू नका, हृदयाची तपासणी वेळच्या वेळी करा, आणि कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड अचानक बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

घरात आजी म्हणतात ‘दोष आईकडून आला’, असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल एक. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे तो आईकडून येऊ शकतो. पण साधारण तिघांपैकी एका मुलात तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. आईची तपासणी न करता आजींनी निकाल देऊन टाकलाय. शिवाय जो दोष कोणी केलेला नाही, तो कोणाचा कसा? आई वाहक निघाली, म्हणजे तिच्यात तो बदल सापडला, तर मुलीने तपासणी करायची की नाही आणि कधी, हे ती सज्ञान असल्याने ती ठरवेल. जनुकीय समुपदेशकाशी बोलून ठरवेल, लग्नाच्या बैठकीत नव्हे.

तुमच्या पत्रातला एक समज मात्र गोव्यातल्या निम्म्या पालकांचा आहे: मूलपेशींवर काम करायचं तर आधी एमबीबीएस हवंच. १९६१ साली टोरांटोत उंदरांच्या प्लीहेवरच्या गाठी मोजून रक्ताच्या मूलपेशींचा पहिला पक्का पुरावा ज्या दोघांनी दिला, त्यांतले मॅककुलॉक डॉक्टर होते, पण टिल भौतिकशास्त्राचे. १९९८ साली मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवणारे जेम्स थॉमसन जनावरांचे डॉक्टर. शिन्या यामानाका हाडांचे डॉक्टर खरे, पण ऑपरेशनला हात इतका संथ की सहकारी चेष्टा करत, आणि नोबेल मिळालं ते ऑपरेशन थिएटर सोडल्यावर, २०१२ साली. त्यांच्या प्रयोगशाळेत नोबेलचं ते काम हाताने करणारा ताकाहाशी इंजिनिअरिंगकडून आलेला. साधी कातडीची पेशी पुन्हा मूलपेशी व्हावी म्हणून त्यांनी २४ जनुकं निवडली होती. त्यांतली नेमकी कोणती लागतात, हे कळावं म्हणून ताकाहाशीने दरवेळी एक वगळून उरलेली तेवीस घालून पाहिली. खतखतं या आमच्या मिश्र भाजीतली एकेक वस्तू वगळून चव कशाने येते ते शोधावं, तसं. (तिरफळाने येते, हे प्रयोग न करताही सांगते.) शेवटी उरली चार. ते २००६ साल. आज त्याच रीतीने ड्युशेनच्या मुलाच्या रक्तातल्या पेशींपासून त्याचाच स्नायू बशीत बनवतात आणि त्यावर औषधं तपासतात. मूलपेशींचा शास्त्रज्ञ बहुतेक वेळ हेच करतो. इंजेक्शन देणारा तो नव्हे.

आता तुमच्या मुलीकडे येते. पत्राच्या अगदी खाली, वेगळ्या शाईत, तिने दोन ओळी लिहिल्यात. तुम्ही त्या वाचल्यात का, मला शंका आहे. ‘प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशी विभागताना पाहिल्या. त्या मग थांबतात कशा? पुस्तकात मिळालं नाही.’

मी तीस वर्षं हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवली. कांद्याच्या मुळाची स्लाइड दरवर्षी करून घेतली. ‘किती मार्कांना येतं?’ हे शेकडोंनी विचारलं. ‘थांबतात कशा’ असं विचारणारी मुलं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. नीटच्या ३९८पेक्षा मला या दोन ओळी महत्त्वाच्या वाटतात. आणि त्यांत भाऊ नाही, हे पाहा. तिला पेशींचं कुतूहल पेशींसाठी आहे. उद्या ती स्नायूंवरच काम करायला गेली तर जाऊ दे. ड्युशेनमध्ये मूलपेशींचं विभागणंही बिघडतं, हे २०१५ साली उंदरांत दिसलंय, तिला ते आवडेल. पण ते तिने निवडलेलं असावं. नवस फेडायला म्हणून प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाला निकाल हवा तसाच यावा असं वाटतं, आणि संशोधनात तोच माणूस सगळ्यात आधी फसतो.

काम कसलं असतं, तेही तिला कळू दे. माझी एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरूला याच क्षेत्रात पीएचडी करते. घरचा गणपती पाच दिवसांचा, ही चवथीला आली आणि दीड दिवसात परत. का, तर बशीतल्या पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते द्रव, रोज बदलायचं असतं आणि प्रयोगशाळेतला जोडीदार दोन दिवसांपलीकडे सांभाळायला तयार नव्हता. मागे एकदा पेशींना मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जिवाणू लागला. त्याने मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातही तो दिसत नाही. चाचणी केली तेव्हा कळलं. तीन महिन्यांचं काम तिने ब्लीच ओतून फेकलं, आणि रात्री मला फोन करून कांदेनवमीच्या भज्यांबद्दल बोलत बसली. पेशींचं नाव काढलं नाही.

पैशाचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई स्वप्नं दाखवते. राष्ट्रीय परीक्षा देऊन फेलोशिप मिळाली तर २०२३पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पीएचडीनंतर तीन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तात्पुरतं संशोधन, मग प्राध्यापकी किंवा संस्थेतली जागा, आणि अशा जागा थोड्या. मध्येच मन बदललं तर वेर्णा-कुंडईच्या औषध कंपन्यांत तपासणीची, गुणवत्तेची कामं आहेत. त्यात काही कमीपणा नाही.

वाट सरळ आहे: फर्मागुडी, म्हापसा, मडगाव, जिथे जमेल तिथे चांगलं बीएस्सी आणि मग एमएस्सी, किंवा आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेची प्रवेश परीक्षा देऊन पुण्याला सलग पाच वर्षांचं बीएस-एमएस, मग पीएचडीच्या परीक्षा. बंगळूरूचं इनस्टेम, वेल्लोरचं स्टेम सेल केंद्र, पुण्याचं एनसीसीएस ही नावं तिने लिहून ठेवावीत. नीट पुन्हा द्यायची तिला स्वतःला इच्छा असेल तर द्यावी, पण हे तिला तुम्ही विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. त्याआधी बाळासमोर ते रोजचं वाक्य थांबवा. एकदम थांबवलंत तर तो कारण विचारेल. त्याला खरं सांगा: औषध शोधायला खूप माणसं लागतात, खूप वर्षं लागतात, आणि ताईचं काम ताई ठरवेल.

आता हे पान तिच्या हातात द्या, पुढचं तिच्यासाठी आहे.

बाय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर जागेत आहे. मुळाच्या टोकाशी मधोमध थोड्या पेशी असतात, त्या स्वतः फार क्वचित विभागतात, पण त्यांना चिकटलेल्या शेजारणींना मूलपेशी म्हणून राखून ठेवतात. शेजारणींच्या लेकी पुढे-मागे ढकलल्या जातात, त्या सान्निध्यातून निसटतात, आणखी काही वेळा विभागतात आणि मग लांब होऊन आपापल्या कामाला लागतात. तुम्ही प्रॅक्टिकलला मूळ अंगठ्याने दाबून चिरडलंत, त्यामुळे कोण कुणाशेजारी होतं हेच मोडलं. म्हणून तुला ते दिसलं नाही. कॉलेजात गेलीस की मुळाच्या उभ्या छेदाची तयार स्लाइड मागून घे, मुळाच्या टोकावरच्या टोपीच्या किंचित वर मधोमध बघ, आणि एका रांगेतल्या पेशी टोकापासून वरपर्यंत मोजत जा. कुठल्या पेशीपासून लांबी वाढायला लागते, तो आकडा मला लिहून पाठव.