मोटरचं नंतर, आधी बॅटरीचं बोला

प्रश्न : नमस्कार, आम्ही पैठणजवळचे, जायकवाडी धरणाच्या नाथसागरात मासेमारी करतो. आतापर्यंत थर्माकोलच्या चप्पूवर भागवलं, आता २०० लिटरचे सहा निळे ड्रम अन् लोखंडी अँगलची फ्रेम करून तराफा बांधायलोय. जाळी दोन किलोमीटर आत असतात, वल्हं मारून खांदे भरून येतात. गावातला फिटर म्हणतो ई-रिक्षाची मोटर बसवून देतो, घरातली इन्व्हर्टरची बॅटरी लावा, पैसे वाचतात. लावावी का? नसेल तर केवढी मोटर घ्यावी?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : दादा, फिटरला चहा पाजा पण ही मोटर बसवू देऊ नका. ई-रिक्षाची मोटर बहुतेक ४८ व्होल्टची असते आणि तुमची घरची बॅटरी १२ व्होल्टची, तीही एकच, मग जुळणार कसं? वर ती मोटर फिरते लई जोरात, पाण्यातल्या पंख्याला एवढी स्पीड नको असते, म्हणजे चेन आली, शाफ्ट आला, पाणी आत जाऊ नये म्हणून सील आलं, आणि एवढं करून मधे धरणात बंद पडली की दुरुस्त कोण करणार. त्यापेक्षा मागच्या फळीला क्लॅम्पने अडकवायची तयार ट्रोलिंग मोटर, म्हणजे नावेची बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, घ्या, तिची मोटर पाण्याखालीच असते त्यामुळे गारही राहते.

तिची ताकद एचपीत नाही, पाउंडात लिहिलेली असते, म्हणजे पंखा नावेला किती जोराने ढकलतो ते. अंदाज असा की भरल्या तराफ्याच्या दर ४५ किलोला २ पाउंड. ड्रम, फ्रेम, प्लाय, दोन माणसं, जाळी, बॅटरी, मासे धरून तुमचं साडेचारशे किलोपर्यंत जाईल, म्हणजे हिशोबाने २० पाउंड. पण हा हिशोब शांत पाण्याचा आणि निमुळत्या नावेचा. ड्रमचं तोंड सपाट, ते पाणी कापत नाही, ढकलतं. त्यात दुपारनंतर नाथसागरावर वारं सुटलं की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. म्हणून ४५ ते ५५ पाउंडाची घ्या, ती १२ व्होल्टवरच चालते. ड्रम तीन-तीनच्या दोन ओळीत आडवे, एकामागे एक लावा आणि पुढच्या दोघांना पत्र्याचं निमुळतं नाक बसवून घ्या, मोठ्या मोटरीपेक्षा त्याचा फायदा जास्त. ८० पाउंडाची घेतली म्हणून तराफा पळणार नाही, पाण्यात स्पीड दुप्पट करायची तर ताकद जवळजवळ आठपट लागते. तुमचं काम ताशी तीन-चार किलोमीटरचं आहे.

आता खरा पैसा जातो तो बॅटरीत. ५५ पाउंडाची मोटर फुल सोडली की ५० अँपिअरच्या आसपास ओढते, अर्ध्यावर चालवली तर वीस-पंचवीस. जाऊन-येऊन चार किलोमीटर, जाळ्यापाशी हलणं, येताना समोरून वारं, दोनेक तास धरा, म्हणजे ५० एएच (अँपिअर-तास) गेले. लेड-अॅसिडची १०० एएचची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे ती जेमतेम पुरणार, आणि फुल सोडून आलात तर तासभरातच मान टाकेल. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूबलर चालेल तशी, पण वजन ५०-६० किलो, उंच, तराफा कलला की अॅसिड सांडणार, आणि ती बाहेर नेली की घरी लाईट गेल्यावर बोलणी कोण खाणार? कार-ट्रॅक्टरची तर नकोच, ती स्टार्टरला झटका द्यायला बनवलेली असते.

हातात पैसे असतील तर १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. बारा-तेरा किलोची, एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी चार्जिंगला नेतो, ८० टक्के बिनधास्त वापरता येते आणि चार्जिंगची आवर्तनंही कितीतरी जास्त देते. घेताना दोन गोष्टी विचारा, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) १०० अँपिअरचा आहे का, आणि सोबतचा चार्जर लिथियमचाच आहे का. उन्हातून आणलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, ४५ डिग्रीच्या वर तिला चार्ज चालत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं सहज होतं. पैसे कमी असतील तर ई-रिक्षाच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडा, त्या तालुक्याला मिळतात. वल्हं मात्र तराफ्यावर राहू द्या, आणि लाइफ जॅकेट घाला.

आणखी एक, जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा मोटर लावायच्या आधी मच्छीमार सोसायटीत आणि वनखात्यात विचारून घ्या. आवाज नाही म्हणून परवानगी लागत नाही असं नसतं.

प्रश्न : मोटर चालू केली की वायर गरम होते, अन् स्पीड वाढवली की मोटर मधेच बंद पडते. बॅटरी नवी आहे.
— माजलगाव

उत्तर : वायर बारीक आहे भाऊ. घरच्या फिटिंगची वायर जोडली असेल बहुतेक. १२ व्होल्टवर करंट जास्त असतो, १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, लांबी कमीत कमी ठेवा, टोकाला लग (धातूची कडी) दाबून बसवा, नुसती गुंडाळू नका. बॅटरीच्या प्लसपाशीच ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर टाका, घरातला एसीचा एमसीबी इथं चालत नाही. तरीही बंद पडली तर पंखा काढून बघा, मागे शाफ्टला जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला असतो, तो सील कापतो आणि पाणी मोटरीत जातं.