वाचकांचे प्रश्न : रामाधीर सिंहामागचा दिग्दर्शक

प्रश्न : ‘पानसिंग तोमर’ आम्ही ग्वाल्हेरकरांनी आपल्या मुलखाची गोष्ट म्हणून कौतुकाने पाहिला. त्याचे दिग्दर्शक तिग्मांशू धुलिया त्याच वर्षी ‘गँग्ज ऑफ वासेपूर’मध्ये खलनायक म्हणून गाजले. नट म्हणून फारसे ठाऊक नसलेल्या माणसाला हे एकाएकी कसे साधले? मी येथे हौशी मराठी नाटके बसवतो आणि मंडळी आता मलाच भूमिका करण्याचा आग्रह करीत आहेत, म्हणूनही विचारतो.
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ‘पानसिंग तोमर’ मार्च २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि ‘वासेपूर’चा पहिला भाग त्याच जूनमध्ये आला, त्यामुळे हे यश आपल्याला अचानक वाटले. धुलिया मात्र राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले आहेत, आणि तुमच्या चंबळच्याच दुसऱ्या एका कथेवरील ‘बँडिट क्वीन’साठी पात्रनिवडीचे काम त्यांनी केले होते. कोणता चेहरा कोठे शोभेल आणि कोणता नट उगाच हातवारे करतो, याची पारख त्या कामात सतत करावी लागते.

‘वासेपूर’मधला त्यांचा खलनायक रामाधीर सिंह म्हणूनच आवाज चढवण्याच्या फंदात फारसा पडत नाही. पोटच्या पोराची कुवत तो ज्या थंडपणे काढतो, ते वाक्य पुढे लोकांच्या थट्टामस्करीत रुळले. आपण इतकी वर्षे तगलो ते चित्रपट पाहत नाही म्हणून, बाकी प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचाच चित्रपट चालू असतो आणि त्यात त्याला नायक व्हायचे असते, हे त्याचे निदान एका दिग्दर्शकाच्या तोंडून ऐकताना जी खुमारी येते, ती एखाद्या मुरलेल्या खलनायकाने आणली असती असे मला वाटत नाही. त्यांची निवड करणारे ‘वासेपूर’चे दिग्दर्शक अनुराग कश्यप यांनाही याचे श्रेय द्यावेच लागेल. पुढे ‘शाहिद’ आणि ‘झीरो’ या चित्रपटांतही धुलिया दिसले.

आता तुमच्याविषयी. वासेपूरच्या वेळी दिग्दर्शनाची जबाबदारी दुसऱ्यावर होती, हे ध्यानात घ्या. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त स्वतःच्या दिग्दर्शनाखाली भूमिका केली खरी, पण ती लहान होती. चित्रपटात टिपलेले दृश्य लगेच पाहता येते. रंगमंचावर उभे राहून स्वतःकडे प्रेक्षागृहातून पाहण्याची सोय नाही. तेव्हा भूमिका जरूर घ्या, मात्र ते नाटक बसवण्याचे काम मंडळातील दुसऱ्या कोणाकडे सोपवा आणि तालमीत त्याला मध्येच सूचना देऊ नका.