बाबिन्स्की चाचणीत अंगठा खरंच वर गेला की पेशंटनं पाय ओढला, हे कसं ओळखायचं?

बाबिन्स्की चाचणी म्हणजे तळव्यावर रेघ ओढून पायाचा अंगठा वर जातो की खाली, हे बघणं; वर जाणं हे मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मार्गाच्या बिघाडाचं लक्षण असतं. तुम्ही फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, एकाच पेशंटच्या तळपायावर तीनदा रेघ ओढली आणि तिन्ही वेळा वेगळं दिसलं, असं लिहिलंय. विद्यार्थी असताना माझंही असंच व्हायचं. गुदगुल्या कराव्यात तशी मी तळव्याच्या मधोमध सरकन रेघ ओढायचो. पेशंट दचकून पाय आखडून घ्यायचा आणि मी फाइलीत 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळा!

आता मी आधी पेशंटला सांगतो, "तळव्यावरून काहीतरी फिरवणार आहे, जरा विचित्र वाटेल, पाय सैल सोडा." पेशंट उताणा, गुडघा सरळ. पाय गार असेल तर पांघरूण घालून ऊब येऊ द्यावी, गार पायावर बऱ्याचदा काहीच मिळत नाही. एका हातानं घोटा हलकेच धरतो. बोथट टोकाचं काहीही चालतं, किल्ली किंवा रिफ्लेक्स हॅमरच्या दांड्याचं टोक. सुई मात्र नको.

रेघ टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरू करायची, करंगळीच्या दिशेनं पुढे न्यायची, चवड्यावर आत वळवायची आणि अंगठ्याच्या बुडाशी पोहोचण्याआधीच थांबायचं. बोटांच्या बुडाला स्पर्श झाला तर बोटं आपोआप मिटतात आणि उत्तर बिघडतं. या सगळ्याला पाच-सहा सेकंद लागू द्या. सुरुवात हलक्या दाबानं करा, प्रतिसाद नसेल तरच दाब वाढवा.

नजर फक्त अंगठ्यावर हवी, आणि तीही त्याच्या पहिल्या हालचालीवर. आधी खाली जाऊन मग वर आला तर ते एक्सटेन्सर (अंगठा वर जाण्याचा प्रतिसाद) नव्हे. बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली तर उत्तम, पण नाही फाकली तरी चालेल.

आता तुमचा खरा प्रश्न. पाय आखडून घेतानाही अंगठा वर जातोच, म्हणून गोंधळ होतो. पण ती ओढ झटक्यात येते, खुबा-गुडघा-घोटा सगळं एकदम वाकतं आणि दर वेळी थोडं वेगळं दिसतं. खरा एक्सटेन्सर प्रतिसाद बहुधा संथ असतो, अंगठ्याकडे जाणारी शीर (म्हणजे स्नायूची दोरी) पायाच्या वरच्या बाजूला ताठ उठलेली दिसते, आणि पुन्हा केलं तरी तेच मिळतं. तरीही शंका राहिली तर मी चॅडॉक करतो: बाहेरच्या घोट्याखालून पायाच्या कडेनं पुढे रेघ. तिथं गुदगुल्या कमी होतात. नडगीवरून बोटांची पेरं दाबत नेण्याची ओपनहाइम पद्धतही आहे, पण ती दुखते, म्हणून मी क्वचितच वापरतो.

जोसेफ बाबिन्स्कीनं 1896 मध्ये पॅरिसमध्ये हे अगदी छोट्या टिपणात मांडलं. अंगठा वर जाणं हे मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या पिरॅमिडल मार्गाच्या बिघाडाचं लक्षण आहे, हे त्यानं दाखवलं. हा मार्ग तान्ह्या बाळात अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे साधारण वर्षभरापर्यंत (कधी दोन वर्षांपर्यंतही) अंगठा वर जाणं नॉर्मल आहे.

फसवणारे प्रसंगही असतात. फिट (आकडी) येऊन गेल्यावर किंवा रक्तातली साखर फार उतरल्यावर अंगठा काही काळ वर जाऊ शकतो. उलट, मज्जारज्जूला नुकतीच इजा झाली असेल तर स्पायनल शॉकमध्ये (इजेनंतर काही काळ रिफ्लेक्स बंद पडतात तेव्हा) काहीच मिळत नाही. पेरोनियल नर्व्ह (गुडघ्याखालून पायाकडे जाणारी नस) निकामी असेल तर अंगठा वर उचलणारा स्नायूच चालत नाही, मग वर जाणार कसा? म्हणून आधी पेशंटला स्वतःहून अंगठा उचलायला सांगून बघा.

नोंद करताना 'बाबिन्स्की निगेटिव्ह' लिहू नका. 'उजवा प्लांटर फ्लेक्सर, डावा एक्सटेन्सर' (म्हणजे उजवा अंगठा खाली, डावा वर) असं लिहा, आणि ठरवता येत नसेल तर सरळ 'इक्विव्होकल' (अनिश्चित) लिहा. तुमच्या पेशंटचा टोन (स्नायूंचा ताण), गुडघ्याचे रिफ्लेक्स आणि घोट्याचा क्लोनस (पाऊल झटकन वर ढकलून धरल्यावर ते लयीत उडत राहणं) तुम्ही लिहिलेलाच नाही. ते तपासा आणि दोन्ही पायांची तुलना करा. नुसत्या अंगठ्यावरून मी त्याच्याबद्दल काहीच सांगणार नाही.