पांढऱ्या पेशी नॉर्मल, ताप नाही. मग कुपोषित मुलाला संसर्ग नाही असं धरायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की मूल दोन वर्षांचं आहे, दंडघेर ११.२ सेंमी, दोन्ही पावलांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंमीखालचा दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण, आणि त्यात सूजही असेल तर घरी उपचार करत बसायचं नाही. आधी पोषण पुनर्वसन केंद्र गाठा, बाकीचं नंतर वाचा.

रिपोर्टमध्ये पेशी मोजल्या जातात, त्यांचं काम मोजलं जात नाही. प्रथिनांअभावी न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) संख्येने पुरेसे दिसतात, पण गिळलेला जंतू मारण्यात कमी पडतात. जंतूला चिकटून तो गिळणं सोपं करणारं सी३ हे प्रथिन यकृतात बनतं, तेही घटतं. रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मात्र बऱ्याचदा नॉर्मल किंवा जास्तच सापडतात. आतड्याच्या अस्तरावरचं आयजीए हे प्रतिपिंड कमी झालेलं असतं, ते साध्या रक्ततपासणीत दिसत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान थायमसचं होतं. छातीच्या हाडामागच्या या ग्रंथीत टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. उपासमारीत ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढतं, चरबीतून येणारं लेप्टिन उतरतं, अर्धवट घडलेल्या टी पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि ग्रंथी आक्रसते. म्हणून अशा मुलात गोवर जीवघेणा ठरतो. क्षयासाठी त्वचेत केली जाणारी मांटू चाचणी निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही, असंही म्हणता येत नाही. त्वचेवर गाठ उठवायला लागणाऱ्या टी पेशीच दुबळ्या झालेल्या असतात.

आता ताप. ताप चढवणारे आयएल-१ आणि टीएनएफ हे रासायनिक संदेश मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी सोडतात. तेच कमी पडले तर न्यूमोनिया असूनही अंग गारच लागतं. काखेत ३५ अंश सेल्सियसखाली तापमान किंवा १०० मिली रक्तात ५४ मिग्रॅखाली साखर दिसली तर संसर्ग आहे असंच समजून चालतात. दाखल मुलाला ताप नसला तरी प्रतिजैविक सुरू करतात ते यामुळेच.

एक कळकळीची विनंती: प्रोटीन पावडर देऊ नका. सुरुवातीला यकृत आणि मूत्रपिंडांना तो भार झेपत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यातल्या एफ-७५ दुधात १०० मिलीला जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिन असतं आणि ते दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं पाजतात. सूज उतरून भूक परतली की एफ-१००, त्यात २.९ ग्रॅम. लोहही पहिल्या टप्प्यात देत नाहीत, कारण संसर्ग बळावू शकतो. सूज उतरताना वजन घटेल; ते पाणी आहे, घाबरू नका.

बोलिव्हियात अशा मुलांच्या थायमसची सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा वजन महिन्याभरात भरलं, पण ग्रंथी पूर्ववत व्हायला जवळपास दोन महिने लागले. त्यामुळे घरी सोडल्यावरही अंगणवाडीतला पाठपुरावा, राहिलेल्या लसी आणि उकळलेलं पाणी यात खंड पडू देऊ नका.