रूममेट खूप खचलाय, पण कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायला तयार नाही. मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की तो बरेच दिवस लेक्चरला गेलेला नाही, रात्रभर जागा असतो, आणि 'समुपदेशकाला भेट' म्हटलं की 'मी वेडा नाही' म्हणून विषय तोडतो. मी कॉलेजमध्ये समुपदेशनाचंच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

त्याला पटवण्यात शक्ती घालवू नका. नैराश्यात माणसाला साधं काम उरकत नाही. नंबर शोधणं, मेल लिहिणं, वेळ ठरवणं हे तुम्हाला दोन मिनिटांचं वाटतं, त्याला ते झेपत नाही. तेवढं तुम्ही हलकं करा. त्याच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवरून मेल टाइप करा: 'मला भेटायचं आहे, या आठवड्यात कधी वेळ मिळेल?' बस. कारण लिहायची गरज नाही. पाठवायचं बटण मात्र त्याला दाबू द्या. त्या दिवशी दारापर्यंत सोबत जा आणि बाहेर थांबा.

आत काय होतं हे माहीत नसल्यामुळेही मुलं घाबरतात, ते त्याला सांगा. पहिली भेट साधारण पाऊण तासाची असते. झोप, भूक, अभ्यास, घर याबद्दल विचारतात. कदाचित पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरायला देतील. त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात. त्यावरून कुणी 'वेडा' ठरत नाही, त्रास किती आहे याचा अंदाज येतो. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञाचं. बोललेलं प्राध्यापकांपर्यंत जात नाही. जिवाला धोका असेल तर मात्र ते इतरांना कळवतात, आणि हे बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच सांगतात. नाही सांगितलं तर त्याने बिनधास्त विचारावं.

एक प्रश्न तुम्ही आजच विचारा, सरळ शब्दांत: 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटलेली मुलं मी पाहिली आहेत. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. वॉर्डनला आणि घरच्यांना लगेच कळवा, धोका जवळचा वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन त्याने मागितलं तर देऊ नका. तो चिडेल. चिडू द्या.

पहिला समुपदेशक त्याला आवडला नाही, असंही होईल. दुसरा मागता येतो, त्यात कुणाचा अपमान नसतो.

आणि तो अजिबातच हलला नाही, तर तुम्ही स्वतः वेळ घेऊन जा. 'मित्राची काळजी वाटते' हे भेटीचं पुरेसं कारण आहे. त्याच्याशी कसं बोलायचं ते तिथे ठरवता येईल, आणि इतक्या रात्री त्याच्यासोबत तुम्हीही जागताय, त्याबद्दलही बोला.